गर्भपिशवीबाहेरचा गर्भ आणि वारेचा प्रश्न : पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या सांस गावी 1582 साली एका 68 वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनात पोटात चुना साचून दगडासारखा झालेला गर्भ सापडला. 28 वर्षं तो तिथेच होता. पुढची तीन शतकं अशा नोंदी नवलाई म्हणूनच जमत गेल्या. गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत रुजून नळी फुटलेल्या बाईला शस्त्रक्रियेनं वाचवता येतं, हे 1883 मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं.

नळीतून निसटलेला गर्भ क्वचित आतड्यावर किंवा गर्भाशयाच्या मागे रुजतो आणि निदान न होता महिनोन्महिने वाढतो. अमेरिकेतल्या 1970 ते 1983 च्या नोंदींनुसार यात मृत्यूचा धोका नळीतल्या गर्भाच्या 7.7 पट होता.

खरा पेच बाळ काढल्यानंतरचा आहे: वारेचं, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणाऱ्या अवयवाचं, काय करायचं? एरवी वार सुटली की पिशवी आवळते आणि उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. आतड्याला तसं आवळता येत नाही, म्हणून वार ओढली की रक्त थांबत नाही. तशीच ठेवली तर जंतुसंसर्ग, पू, कधी आतड्याला अडथळा, महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया. मधल्या काळात ती लवकर विरघळावी म्हणून मेथोट्रेक्सेट हे पेशींची वाढ रोखणारं औषध देऊन पाहिलं. पण मेलेल्या पेशींचा ढीग एकदम साचला आणि जंतूंना आयतं खाद्य मिळालं. आता बहुतेक जण ते टाळतात. वारेच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसून बांधता येत असतील तरच ती काढावी. नाहीतर नाळ मुळाशी बांधून, वार आतच ठेवून पोट शिवावं. याला अर्धवट शस्त्रक्रिया म्हणणं अन्यायाचं आहे, टेबलावरची बाई त्यामुळेच जगते.

गर्भ जाऊन वर्षं लोटली की वारेचा रक्तपुरवठा आटतो, चिंता चिकटलेल्या आतड्यांची उरते. 2014 मध्ये नागपुरात मध्य प्रदेशातल्या साठीच्या एका बाईच्या पोटातून गर्भाचा सापळा काढला, 36 वर्षांनी. 1978 मध्येच तिला शस्त्रक्रिया सांगितली होती. भीतीनं ती गावी परतली आणि दुखण्यावर तात्पुरती औषधं घेत राहिली.

सोनोग्राफी आल्यावरही हे निदान हुकतं. बाळाची वाढ मोजली जाते, पण त्याच्याभोवती पिशवीचा स्नायू आहे का, हे पाहायचं राहतं. सुरुवातीच्या महिन्यांत ते सहज दिसतं, शेवटच्या महिन्यांत अवघड होतं. मग बाळाच्या हालचालीनं बाईला दुखतं, बाळ आडवं राहतं, कळा आणायचं औषध देऊनही पिशवीचं तोंड उघडत नाही, आणि संशय येतो तो तेव्हा.