जावास्क्रिप्टमधील तारखांचे गणित आणि त्यातील चुका

ब्राउझरमधील जावास्क्रिप्टमध्ये तारखांची बेरीज-वजाबाकी चुकते, तेव्हा बहुतेक वेळा दोष ‘डेट’ या ऑब्जेक्टविषयीच्या गैरसमजात असतो. नाव ‘डेट’ असले तरी त्यात दिनदर्शिकेतील तारीख नसते. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) मध्यरात्रीपासून मोजलेले मिलिसेकंद तेवढे असतात, आणि त्यांवरून दिवस, महिना, तास काढताना ब्राउझर वापरकर्त्याच्या यंत्रावरील टाइमझोन लावतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा घडवली तेव्हा हे ऑब्जेक्ट जावा भाषेवरून घेतले गेले; जानेवारीला ० धरण्याची रीतही तिकडचीच.

भारतात हमखास भेटणारी चूक साडेपाच तासांची आहे. कॅलेंडरमधून १५ ऑगस्ट २०२४ निवडल्यावर ऑब्जेक्टमध्ये सहसा स्थानिक मध्यरात्र जाते. ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने तिचा मजकूर केला की तो यूटीसीत, म्हणजे १४ ऑगस्ट, १८:३० असा येतो, आणि त्यातली पहिली दहा अक्षरे कापून सर्व्हरला पाठवली की नोंद आदल्या दिवसाची होते. उलट, नुसती ‘२०२४-०८-१५’ ही अक्षरे वाचताना ती यूटीसीतील धरली जातात, पण त्यांना टाइमझोनशिवाय वेळ जोडली की तीच स्थानिक ठरतात. ही विसंगती मुळातच टाळायला हवी होती, कारण तिच्यामुळे पुण्यात बरोबर दिसणारी तारीख न्यू जर्सीत एक दिवस मागे दिसते.

दोन तारखांमधील अंतर ८,६४,००,००० मिलिसेकंदांनी भागून दिवस काढणेही धोक्याचे आहे. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ रोजी घड्याळे एक तास पुढे गेली. त्यामुळे ९ ते ११ मार्च या दोन मध्यरात्रींमध्ये ४७ तासच भरतात आणि अपूर्णांक सोडून दिल्यास उत्तर एक दिवस येते. दोन्ही तारखांचे वर्ष, महिना, दिवस ‘डेट.यूटीसी’ला देऊन मग वजाबाकी केल्यास हा दोष राहत नाही. महिन्यांच्या बेरजेत ३१ जानेवारीला एक महिना मिळवला की फेब्रुवारी ओलांडून मार्च उगवतो.

चूक शोधताना एकच ऑब्जेक्ट स्थानिक आणि यूटीसी अशा दोन्ही रूपांत शेजारी-शेजारी छापून पाहावे. यूटीसीपासूनचे अंतर सांगणारे ‘गेटटाइमझोनऑफसेट’ भारतात उणे ३३० मिनिटे देते. भारत यूटीसीच्या पुढे असूनही हे चिन्ह उलटे आहे, याचे भान ठेवावे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील सेन्सर्स पटलावर टाइमझोन बदलून तीच कृती पुन्हा केल्यास परदेशातील तक्रार आपल्या यंत्रावरही दिसू शकते.

‘डेट’ला पर्याय असलेली ‘टेम्पोरल’ ही जावास्क्रिप्टमधील नवी रचना फायरफॉक्समध्ये २०२५ पासून उपलब्ध आहे. तिच्यातील ‘प्लेनडेट’ला टाइमझोन नसतो आणि ३१ जानेवारीत महिना मिळवल्यास ते फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देते.