धुराआडची आग : ‘हार्ड टाइम्स’कडे मनोविश्लेषण कसं वळलं

जानेवारी १८५४ मध्ये चार्ल्स डिकन्स प्रेस्टनला जाऊन गिरणी कामगारांचा लांबलेला संप पाहून आला. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्याच्याच ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात ‘हार्ड टाइम्स’ क्रमशः छापली गेली. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा जन्म त्यानंतरचा, १८५६ चा. साहजिकच ही कादंबरी आधी वाचली गेली ती धूर, संप आणि आकडेमोडीच्या शिक्षणाची गोष्ट म्हणून.

पात्रांच्या मनात शिरायची वाट लेखकाच्या चरित्रातून निघाली. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवू लागला. तिथून सुटका झाल्यावरही आईला तो परत कामावर जायला हवा होता. हे तो जन्मभर विसरला नाही, पण जगाला कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर, जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रामुळे. १९४१ मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने एका निबंधात याच जखमेच्या उजेडात डिकन्सचं सगळं लेखन तपासलं. पुढच्या मानसशास्त्रीय वाचनांवर त्या निबंधाची मोठी छाप आहे.

आता कादंबरीतला बाउंडरबी पाहा. आपण खड्ड्यात जन्मलो, आईने टाकून दिलं, असं हा गिरणीमालक चारचौघांत मोठ्याने सांगत असतो. प्रत्यक्षात मिसेस पेगलर ही त्याची प्रेमळ आई जिवंत आहे, आणि तिने दूर राहावं म्हणून तो तिला वर्षाला तीस पौंड देतो. १९०९ च्या एका छोट्या निबंधात फ्रॉइडने म्हटलं होतं, की मुलं मनातल्या मनात आपले खरे आईबाप बदलून त्यांच्या जागी थोरामोठ्यांना बसवतात. बाउंडरबीने तीच कहाणी उलटी रचली आहे. आई पुसून टाकली की स्वतःला स्वतःच घडवल्याचा दावा करता येतो, आणि त्याच दाव्यावर तो कामगारांना तुच्छ लेखतो. मनोविश्लेषण या कादंबरीला सर्वांत जास्त काही देतं ते इथे, असं मला वाटतं.

कादंबरीतल्या लुइसाबद्दल मात्र सावध राहायला हवं. कल्पनाशक्तीला लहानपणापासून कुलूप घातलेली ही मुलगी तासन्‌तास शेकोटीत पाहत बसते. तिच्यात दडपलेली वासना शोधणं सोपं आहे, चूकही नाही. पण ती आग भट्ट्यांचीही आहे. विशीतल्या लुइसासमोर वडील पन्नाशीच्या बाउंडरबीचं स्थळ मांडतात, तेव्हा ती खिडकीतून धुराड्यांकडे बघत म्हणते, की तिथे नुसता मरगळलेला धूर दिसतो, पण रात्र झाली की आग उसळते. घरात आणि गिरणीत दाबलेलं एकाच वाक्यात वर येतं. वडील उत्तर देतात, की या बोलण्याचा इथे काय संबंध ते त्यांना कळत नाही.