संस्थेची कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट: कागद, ९० दिवसांची मुदत आणि अडकणारे पैसे

निवडणूक झाली, हारतुरे झाले, शाळेच्या फलकावर नव्या अध्यक्षांचे नाव रंगले. पण धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ वर, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर (बोलीभाषेत ‘शेड्यूल वन’), जुनीच नावे असतील तर बँकेच्या काउंटरवर संस्था जुन्यांचीच समजली जाते. कायद्याने बदल घडतो तो वैध निवडीच्या दिवशीच. पण हे वाक्य बँक मॅनेजरला ऐकवून सह्या बदलून मिळत नाहीत, त्याला उतारा दाखवावा लागतो. त्या उताऱ्यासाठी करायचा अर्ज म्हणजे चेंज रिपोर्ट.

अर्ज कोणी, कुठे करायचा

मराठवाड्यातल्या बहुतेक शिक्षण संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या आहेत: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. निजामकाळातल्या काही संस्थांची मूळ नोंद हैदराबाद संस्थानच्या १३५० फसलीच्या कायद्याखालची आहे. चेंज रिपोर्ट १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली, परिशिष्ट ३ च्या नमुन्यात भरतात. संस्था जिथे नोंदलेली आहे त्या जिल्ह्याच्या सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांकडे तो द्यायचा. शाळा कोणत्या जिल्ह्यात आहेत, हे इथे पाहिले जात नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. त्यामुळे लातूरच्या एखाद्या जुन्या मंडळाच्या नोंदणी क्रमांकापुढे कंसात ‘उस्मानाबाद’ आणि हिंगोलीच्या मंडळापुढे ‘परभणी’ असे सापडते. अर्जावर क्रमांक उताऱ्यात आहे तसाच, ‘एफ’ अक्षरासकट लिहावा. मनाने जिल्ह्याचे नाव सुधारू नये. आधी उताऱ्याची ताजी प्रमाणित प्रत काढावी आणि मगच अर्ज लिहायला बसावे.

अर्जाखाली सही करणाऱ्याला रिपोर्टिंग ट्रस्टी म्हणतात. जुन्या उताऱ्यावर नाव असलेला आणि नव्या मंडळातही निवडून आलेला कोणी असेल तर सही त्याचीच घ्यावी. ‘हा अर्जदार कोण?’ हा पहिला आक्षेप तिथेच मिटतो.

खरा अर्ज सभेच्या नोटिशीतच लिहिला जातो

चेंज रिपोर्ट सहसा पडतो तो सभा चुकल्यामुळे. धर्मादाय कार्यालयात तपासतात ते एवढेच: संस्थेच्या घटनेने, म्हणजे मंजूर नियमावलीने, ज्याला अधिकार दिला त्यानेच सभा बोलावली का, नोटीस सगळ्या पात्र सभासदांना मुदतीत पोचली का, अजेंड्यावर निवडणुकीचा विषय होता का, आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होता का. ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली केलेली पदाधिकारी निवड टिकवणे फार अवघड.

घटनेत ‘१५ पूर्ण दिवसांची नोटीस’ असेल तर नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा, दोन्ही दिवस सोडून मोजायचे. सभा १५ जूनला असेल तर नोटीस उशिरात उशिरा ३० मेपर्यंत हातात पडलेली हवी. ३० मेला पोस्टात टाकलेली नोटीस चालत नाही. बटवडा वहीवर तारखेसह सही घ्यावी. जो सही देत नाही त्याला रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवून पावती वहीला चिकटवावी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेली नोटीस घटनेत तशी तरतूद नसेल तर पुरावा म्हणून लंगडी पडते.

सभासद यादी हा दुसरा खड्डा. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही. या कलमाचा वापर हत्यारासारखाही होतो: कोषाध्यक्ष विरुद्ध गटाची वर्गणी घेतच नाही आणि निवडणुकीच्या दिवशी त्यांना थकबाकीदार ठरवतो. अशा वेळी वर्गणी संस्थेच्या खात्यात थेट भरावी आणि भरणा पावतीसह पत्र रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवावे. मयत सभासदांची नावे यादीत तशीच ठेवली तर कोरमचा हिशोब बिघडतो, आणि ‘मयताला नोटीस पोचली’ असा हास्यास्पद पुरावाही रेकॉर्डवर येतो.

जोडायचे कागद

परिशिष्ट ३ चा अर्ज कोर्ट फी स्टॅम्पसह. परिशिष्ट १ ची प्रमाणित प्रत आणि मंजूर घटना, दुरुस्त्यांसकट. सभेची नोटीस, अजेंडा, बटवडा वही, पोस्टाच्या पावत्या. सभासद नोंदवहीचा उतारा. हजेरीच्या सह्यांसह इतिवृत्त आणि ठरावाची प्रत. जुन्या आणि नव्या कार्यकारिणीची पत्ते व पदांसह यादी. नव्या सदस्यांचे संमतीपत्र आणि ओळखपत्र, रिपोर्टिंग ट्रस्टीचे प्रतिज्ञापत्र. कोणी राजीनामा दिला असेल तर मूळ राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा ठराव. कोणी वारले असेल तर मृत्यू दाखला. मावळत्या सदस्यांची ना-हरकत सक्तीची नसते, पण मिळाली तर काम निम्मे होते. प्रोसिडिंग बुकाच्या, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीच्या, झेरॉक्सवर भागत नाही, चौकशीत मूळ वही मागतात. म्हणून ती मावळत्या सचिवाच्या घरी राहू देऊ नये.

शिवाय १८६० च्या कायद्याच्या कलम ४ ची कार्यकारिणीची वार्षिक यादी वेगळी द्यावी लागते, वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत. ती बहुधा त्याच कार्यालयात जाते आणि बहुधा राहूनच जाते.

९० दिवस

बदल घडल्यापासून ९० दिवसांत अर्ज दाखल व्हायला हवा. सभा रविवारी, १५ जून २०२५ ला झाली असेल तर नव्वदावा दिवस येतो १३ सप्टेंबरला, आणि तो दुसरा शनिवार. शेवटच्या आठवड्यावर अवलंबून राहू नये ते यासाठीच. प्रत्येक बदलाची मुदत त्याच्या त्याच्या तारखेपासून धावते: अध्यक्ष जानेवारीत वारले आणि जागा जूनमध्ये भरली तर दोन बदल, दोन तारखा.

मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. १९५० च्या अधिनियमातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसे कारण असल्यास, खर्च भरण्याच्या अटीवर उशीर माफ करता येतो. ‘पदाधिकारी कामात व्यस्त होते’ हे कारण लिहू नये. आजारपण, वहीचा ताबा न मिळणे, मागचा वाद प्रलंबित असणे अशी कागदाने सिद्ध होणारी कारणेच द्यावीत.

त्याच दुरुस्तीने प्रक्रियाही बदलली. बदल स्थावर मिळकतीचा नसेल तर १५ कामकाजी दिवसांत तात्पुरता मंजुरी आदेश द्यायचा आणि हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस काढायची, असे कलम २२ मध्ये आहे. हरकत आली नाही तर आदेश अंतिम होतो. हरकत आली तर चौकशी लागते: पुरावे, उलटतपासणी, तारखा. निकाल मान्य नसेल तर कलम ७० खाली ६० दिवसांत अपील.

रखडण्याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे मागचा चेंज रिपोर्टच प्रलंबित असणे. उताऱ्यावर दोन निवडणुकांपूर्वीचे मंडळ असेल तर मधला दुवा आधी जुळवावा लागतो. नवे प्रकरण त्याच्यासोबत चालवण्याची विनंती करावी.

पैशांचे काय अडते, काय अडत नाही

अनुदानित शिक्षकांचा पगार मुख्याध्यापकांमार्फत शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतून आणि शिक्षण खात्याच्या वेतन पथकातून निघतो. संस्थेत दोन गट पडले म्हणून तो सहसा थांबत नाही. ‘आमची सही झाली नाही तर पगार बंद’ ही धमकी पोकळ असते. अडते ते संस्थेच्या खात्यातले: वीजबिल, शिपायांचे मानधन, डागडुजी. अंशतः अनुदानित तुकड्यांवर तर अनुदानाच्या टक्क्यांपलीकडचा पगार संस्थेच्याच डोक्यावर असतो. स्वयंअर्थसहाय्यित शाखेत आरटीईची प्रतिपूर्ती, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत प्रवेशांची सरकारकडून मिळणारी भरपाई, विद्यार्थ्यामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये धरलेली, तीही उशिराने हाती पडते.

नवे मंडळ या ओढाताणीत घाईने तीन गोष्टी करू पाहते आणि तिन्ही अंगलट येतात.

पहिली म्हणजे कर्ज. १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार संस्थेसाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पदाधिकाऱ्याकडून ‘हातउसने’ घेतलेले पैसेही लेखापरीक्षणात कर्जच दिसतात.

दुसरी म्हणजे रस्त्याकडेचे गाळे आणि जमीन. विक्री, बक्षीस किंवा अदलाबदल असो, शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन व इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असो, कलम ३६ ची पूर्वमंजुरी हवीच. त्यासाठी मूल्यांकन अहवाल आणि जाहीर निविदा तयार ठेवाव्या लागतात. ठराव करणाऱ्यांची नावेच परिशिष्ट १ वर नसतील तर हा अर्ज पहिल्याच पायरीवर लटकतो. चेंज रिपोर्ट आधी, गाळे नंतर.

तिसरी म्हणजे फीवाढ. २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्षाच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, आणि ठरलेली फी दोन वर्षे बदलत नाही. जूनमध्ये निवडून आलेल्या मंडळाला त्याच जूनची फी वाढवता येत नाही. पुढच्या जूनसाठी प्रस्ताव डिसेंबर उजाडण्यापूर्वी तयार हवा. विकास निधीच्या नावाने पावतीशिवाय रक्कम घेणे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याच्या कचाट्यात सापडते.

पदभार घेताना कोऱ्या कागदावर ‘सर्व काही मिळाले’ अशी सही कोणी करू नये. ३१ मार्चपर्यंतचा ताळेबंद (परिशिष्ट ८), उत्पन्न-खर्च पत्रक (परिशिष्ट ९), मुदत ठेवींच्या पावत्या, चेकबुकातले उरलेले चेक क्रमांकासह, थकीत वीजबिल, न्यायप्रविष्ट प्रकरणांची यादी, जमिनीचे सातबारे आणि मूळ प्रोसिडिंग बुक यांची दोन प्रतींत यादी करून दोन्ही सचिवांच्या सह्या घ्याव्यात. लेखापरीक्षण राहिलेली वर्षे यादीत स्पष्ट नोंदवावीत. नंतर जाब विचारला जातो तेव्हा खुर्चीत नवे मंडळ असते.