ठिपका व्ह्यूफाइंडरमध्ये, फोटो मात्र स्वच्छ

डीएसएलआरच्या (आतल्या आरशावर चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, काळा ठिपका दिसला की अनेक जण सेन्सर साफ करायला धावतात. पण व्ह्यूफाइंडरमधून बघताना सेन्सरचा संबंधच येत नाही, तो शटरच्या पडद्यामागे असतो. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत कललेल्या आरशावरून वर वळतो, फोकसिंग स्क्रीन नावाच्या छोट्या आडव्या पडद्यावर त्याची प्रतिमा उमटते आणि वरचा पेंटाप्रिझम, म्हणजे काचेचा लोलक, ती सुलट करून डोळ्यापर्यंत पोचवतो. स्वस्त कॅमेऱ्यांत प्रिझमच्या जागी आरसेच जोडलेले असतात, म्हणून तिथलं चित्र थोडं मंद दिसतं. बटण दाबल्यावर आरसा वर उचलला जातो, तेव्हाच प्रकाश सेन्सरवर पडतो.

म्हणून आधी एकरंगी उजळ भिंतीचा एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, एक फोटो काढा. डाग फोटोतही असेल तर धूळ सेन्सरवर आहे. फोटो स्वच्छ असेल तर ती व्ह्यूफाइंडरच्या वाटेवर आहे. नेमकी कुठे, ते डागाच्या कडेवरून कळतं. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळची काच, फोकसिंग स्क्रीनच्या पातळीवर जुळवलेला असल्यामुळे रेखीव काळा कण किंवा केस दिसला तर तो स्क्रीनवरच, आणि पसरट, धूसर डाग असेल तर प्रिझमवर किंवा आयपीसवर. आरशावरची धूळ इतकी फोकसबाहेर असते की सहसा दिसतच नाही.

सफाईसाठी लेन्स काढा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) बाहेर ठेवून तीनचार झोत वर स्क्रीनच्या दिशेने मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. डबाबंद हवाही नको, तिच्यातला द्रव बाहेर उडून डाग पाडू शकतो. कापड, इअरबड, लेन्सचं लिक्विड यांतलं काहीही स्क्रीनला लावायचं नाही. ती मऊ प्लॅस्टिकची असते, पुसली की ओरखडे कायमचे. आरशाचाही मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, मागे नाही, त्यामुळे तोही नाजूक. झोत मारूनही कण हलला नाही तर तो बहुधा स्क्रीनच्या वरच्या अंगाला गेलेला असतो. काही कॅमेऱ्यांत स्क्रीनची चौकट चिमट्याने उघडता येते, पण तिच्यावर अतिपातळ पट्ट्या असू शकतात. एखादी हरवली की स्क्रीनची पातळी बदलते, मग हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस बरोबर दिसेल आणि फोटो अस्पष्ट येईल. फोटोत न येणाऱ्या एका कणासाठी एवढी जोखीम कशाला?

सगळंच धूसर दिसत असेल तर आयपीसशेजारची डायॉप्टरची चकती (आयपीस आपल्या नजरेला जुळवणारी) बहुधा बॅगेत घासून फिरलेली असते. ती जुळवताना समोरच्या दृश्याकडे बघू नका. आतले फोकस पॉइंट किंवा खालचे आकडे ठळक होईपर्यंत फिरवा. फोटो ऑटोफोकसने नीट येतोय आणि फक्त डोळ्यालाच धूसर दिसतंय, तर बहुधा हेच कारण.

व्ह्यूफाइंडर पूर्ण काळा असेल तर आधी लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर दृश्य दाखवायची सोय, चालू राहिलाय का बघा, त्यात आरसा वर असतो. महागड्या काही कॅमेऱ्यांना आयपीस बंद करायची झडप असते, तीही तपासा. नुसता मंद झाला असेल तर बॅटरी बघा. निकॉन डी७००० किंवा कॅनन ७डीसारख्या कॅमेऱ्यांत प्रकाशाच्या वाटेवर एलसीडीचा थर असतो, तो बॅटरी संपली की काळवंडतो. एफ/२.८ ची लेन्स काढून कमी उघडणारी एफ/५.६ ची लावली तरी प्रकाश चौथाई होतो. त्याला बिघाड म्हणायचं नाही.

कोकणात किंवा गोव्यात पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. प्रिझममध्ये शिरलेली बुरशी घरी निघत नाही. मेकॅनिककडेच जावं लागतं. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की पुरे.

एक गोष्ट उलट दिशेची. ट्रायपॉडवर फोटो काढताना डोळा आयपीसला नसेल आणि ऊन मागून येत असेल तर तो प्रकाश आत शिरून कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो, फोटो काळपट येतात. काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्याला अडकवलेला छोटा रबरी तुकडा त्यासाठीच असतो. तो आयपीसवर बसवा, नाही तर हातरुमाल टाकला तरी चालतं.