मुरमाची ट्यूब आणि सोलापूरचं ऊन

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ट्रेटिनोइन किंवा अडापलिन लिहून दिलं, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अनेकांची तक्रार सारखीच असते. मुरूम आहेत तसेच, वर नाकाच्या कडेचं कातडं सोलतंय, तोंड धुतलं की चुरचुरतंय. काहीजण तिथेच ट्यूब बंद करतात. काहीजण ‘आग होतेय म्हणजे लागू पडतंय’ असं समजून आणखी थापतात. हे दुसरं जास्त महागात पडतं.

ही औषधं अ जीवनसत्त्वाच्या कुळातली, त्यांना रेटिनॉइड म्हणतात. मुरमांसाठी ट्रेटिनोइनला अमेरिकेत १९७१ साली मान्यता मिळाली. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतं आणि कोणती जनुकं किती काम करतील, हे बदलतं. केसाच्या छिद्रात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच बसतं, मागे तेल साचतं, पुढे त्याचाच मुरूम होतो. रेटिनॉइड ते बूच बसू देत नाही. म्हणजे त्याचं खरं काम आज दिसणाऱ्या मुरमावर नसून अजून वर न आलेल्यांवर आहे. म्हणूनच एकेका पुटकुळीवर ठिपके द्यायचे नाहीत. सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढी क्रीम पुरते. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि मध्ये थोडे दिवस मुरूम वाढल्यासारखेही वाटतात.

आपल्या सावळ्या कातडीत आणखी एक भानगड आहे. आग झाली, सूज आली, की त्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि काळा डाग मागे राहतो. मुरूम गेला, डाग महिनोन्‌महिने बसला! त्यामुळे सुरुवात एक दिवसाआड करावी. रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडून लावावं. फार कोरडं वाटलं तर आधी साधं मॉइश्चरायझर. त्याच भागावर वॅक्सिंग नको.

मे महिन्यात इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हात गाडीवर जाताना नुसता स्कार्फ पुरत नाही, तीसच्या वर एसपीएफ असलेलं सनस्क्रीनही हवं. ट्रेटिनोइन स्वतःच उजेडात विघटित होतं, म्हणून ते रात्रीचं औषध. ट्यूब गाडीच्या डिकीत तापत ठेवू नये.

मेडिकलमध्ये ‘गोरं करणारी’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ट्रेटिनोइनसोबत हायड्रोक्विनोन (कातडीचा रंग फिका करणारं औषध) आणि स्टेरॉइडही असतं. शेजारणीच्या सांगण्यावरून ती महिनोन्‌महिने लावणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. अशी क्रीम बरेच दिवस लावली असेल तर परस्पर बंदही करू नये, त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवून विचारावं.

गरोदरपणात किंवा दिवस राहायचा विचार असेल तर रेटिनॉइड नको. नकळत लावलं गेलं असेल तर घाबरून न जाता डॉक्टरांना कळवावं. आणि वाढणारा तीळ, रक्त येणारी किंवा भरून न येणारी जखम यांवर ही ट्यूब लावून बघत बसू नये. तिथे आधी निदान, मग औषध.