ॲपमधल्या ढगाच्या मागे काय आहे

सकाळी फोन उघडला की ढगाचं चित्र, खाली पावसाची टक्केवारी, आपण ते बघतो आणि कामाला लागतो, आणि वाटतं की हे त्या ॲपनेच शोधून काढलंय. तसं नाहीये. बहुतेक ॲप्सच्या मुळाशी सरकारी खर्चाने गोळा केलेला डेटा आणि सरकारी मॉडेल्स, म्हणजे त्या डेटावरून पुढच्या हवामानाचं गणित करणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम, असतात.

यातला मला सगळ्यात भारी वाटतो तो फुगा. जगभर शेकडो ठिकाणांहून रोज दोनदा, ग्रीनिचच्या घड्याळात रात्रीचे आणि दुपारचे १२ वाजायच्या सुमारास, म्हणजे सगळीकडे जवळपास एकाच वेळी, हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले फुगे सोडतात. खाली लांब दोरीला एक छोटी डबी लटकते, रेडिओसाँड, ती वर जाता जाता तापमान, दमटपणा वगैरे सतत कळवत राहते आणि ती कुठे वाहवत गेली त्यावरून वारा कळतो. वर हवा विरळ होते तसा फुगा फुगत जातो आणि साधारण ३० किलोमीटरवर फुटतो. १२ तासांनी परत नवीन फुगा.

आता जिथे गिऱ्हाईकच नाही अशा बेटावर हा उद्योग सरकार सोडून रोज कोण करणार? पण मॉडेलला तिथली हवासुद्धा लागतेच, कारण आज तिकडे असलेलं वादळ चार दिवसांनी आपल्या डोक्यावर असू शकतं. आणि वादळाचा इशारा ज्याने पैसे भरले त्यालाच द्यायचा, हे तर मला पटूच शकत नाही.

ब्रिटनमध्ये हा खर्च एकदा बंद करून झालाय. १८५९ च्या वादळात रॉयल चार्टर हे जहाज बुडून ४०० हून जास्त माणसं गेली, मग तिथल्या सरकारी हवामान खात्याचा प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय याने १८६१ पासून तारेने बंदरांना इशारे पाठवायला सुरुवात केली, तार आली की बंदरात उंच खांबावर शंकू चढवायचे, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या कोळ्यालाही लांबूनच कळायचं. १८६५ मध्ये तो वारला, याला शास्त्रीय आधार नाही असं तज्ज्ञांच्या समितीने म्हटलं आणि १८६६ च्या अखेरीस इशारे थांबले. त्यावर बंदरांतून इतकी ओरड झाली की पुढच्याच वर्षी इशारे परत सुरू झाले.