टू-स्ट्रोक किटची सायकल : जुळणी आणि ट्यूनिंग

साध्या सायकलच्या फ्रेमच्या त्रिकोणात छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवणे आणि मग त्याची ताकद वाढवणे, असा हा दुहेरी उद्योग. अमेरिकेतील हौशी मंडळींत सर्वाधिक दिसते ते चिनी बनावटीचे, हवेने थंड होणारे एक-सिलिंडर किट. ते ‘८० सीसी’ म्हणून विकले जाते. पण बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३८ मिमी, म्हणजे हिशेबाने ६६ सीसीच भरते. पुण्यात १९७२ साली आलेल्या लुनालाही पॅडल होते, पण ती कारखान्यातूनच मोपेड म्हणून बाहेर पडे. किटच्या सायकलचे स्पोक, ब्रेक आणि फ्रेम मात्र पायाच्या जोरापुरते बनलेले असतात. बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात.

मागचे ४४ दात्यांचे स्प्रॉकेट दोन रबरी चकत्यांमध्ये स्पोक धरून नऊ बोल्टांनी आवळतात. आधी चाकाचा आउट (डगमग) काढावा, मग बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे कसावेत. एका बाजूने कसत गेल्यास स्प्रॉकेट वाकडे फिरते, चेन एकदा ताठ आणि एकदा सैल होते आणि शेवटी उतरते. चेन ताठ ठेवणारा टेन्शनर सरकून स्पोकांत गेला की चाक जागीच अडते. म्हणून त्याला बोल्ट टाकून पक्के करावे. इंजिनाच्या पकडीत रबर घालून थरथर कमी होत नाही, उलट स्टड तुटतात. मॅग्नेटोची (स्पार्कसाठी वीज बनवणाऱ्या भागाची) पांढरी वायर वापरात नसेल तर टोकाला टेप लावावी. ती फ्रेमला टेकली की स्पार्क जातो.

पहिल्या काही टाक्या २०:१ मिश्रणावर चालवाव्यात, म्हणजे लिटरभर पेट्रोलला ५० मिली टू-टी ऑइल. नंतर २५:१ (४० मिली) किंवा चांगले ऑइल असेल तर ३२:१.

आयडल आपोआप चढत असेल आणि थ्रॉटल सोडूनही आवाज खाली येत नसेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी इनटेकचे पॅकिंग तपासावे. तिथून हवा ओढली जात असेल तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. गळती बंद झाल्यावरच जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोलचे माप ठरवणारे छिद्र, बदलावे. चढावर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन तिथेच बंद करून प्लग काढून पाहावा : चहाच्या रंगाची तपकिरी छटा योग्य, पांढरा पडला तर मोठा जेट, काळा-ओला असला तर लहान. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल तर कार्बोरेटरमधल्या नीडलची (सुईची) क्लिप हलवावी. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते.

खरी मजा हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात आहे. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालून चाक हाताने फिरवावे आणि चेपलेले टोक कॅलिपरने मोजावे. ०.८ ते १ मिमी भरले तर स्क्विश, म्हणजे वर आलेला पिस्टन आणि हेड यांतले अंतर, ठीक. दीड-दोन मिमी असेल तर कॉम्प्रेशन वाया जाते आहे. पातळ पॅकिंगने अंतर कमी होते. हेडचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने साधारण १६ न्यूटन-मीटरवर आवळावेत. घाईत ॲल्युमिनियमचे आटे जातात. एक्झॉस्ट पोर्ट कानशीने उंच करण्याचा मोह बहुतेकांना होतो. वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण खालचा पिकअप जातो आणि खरवडलेले ॲल्युमिनियम परत भरता येत नाही.

वेगासाठी सोपा मार्ग स्प्रॉकेटचाच. इंजिनाच्या आतील गिअरचा ४.१ रेशो आणि बाहेरील १० दात्यांचे स्प्रॉकेट धरून, मागे ४४ दाते असताना एकूण रेशो सुमारे १८ येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १८ फेरे. २६ इंची चाकावर ५००० आरपीएमला ताशी ३४ किमी. ३६ दाते लावले की तेच ४२ किमी होतात, पण चढावर पॅडल मारावे लागते. त्याआधी पुढे डिस्क ब्रेक बसवलेला बरा.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांचे वाहन २५ सीसीपर्यंत असेल तरच ‘मोटार वाहना’च्या व्याख्येबाहेर राहते. ६६ सीसी त्या सवलतीत बसत नाही.